छत्तीस तुकड्यांचं पॅनेल

शालन उंब्रजकरने एकतीस वर्षं डाग दिले. हडपसरच्या एका कारखान्यात सोल्डरिंगच्या टेबलाशी बसून, आधी टीव्हीच्या सर्किटवर आणि पुढे विजेच्या मीटरच्या. कारखाना बंद पडला तेव्हा तिने नुकती पन्नाशी ओलांडली होती. लग्न केलेलं नव्हतं. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती आणि आई राहायच्या. आई अंथरुणाला खिळली, तिचं करण्यात पाच वर्षं गेली, आणि मग आईही गेली. तेराव्यानंतर नातेवाईक पांगले. पुढे एकदा शालनच्या लक्षात आलं, की आठवडाभरात आपण दूधवाल्याशिवाय कुणाशी बोललेलो नाही. आणि दूधवालाही आता बेल न वाजवता पिशवी दाराला अडकवून जायला लागला होता.

दुपारी फोनवर काहीबाही बघत बसायची तिला सवय लागली. त्यात एकदा इंदूरकडचा एक माणूस घरच्या घरी सोलर पॅनेल करताना दिसला. निळ्या चकत्या ओळीने मांडायच्या, चपट्या तारेने एकीचा वरचा भाग दुसरीच्या पाठीला जोडायचा, वर काच, मागे पत्रा. तो माणूस डाग फार वाईट देत होता. शालनला ते बघवेना. तिने माळ्यावरून आपली जुनी सोल्डरिंग गन काढली. कारखाना सुटल्यापासून तिला हात लागला नव्हता.

बुधवार पेठेतल्या दत्तप्रसादच्या दुकानात तिने चकत्या मागितल्या, तेव्हा त्याने चष्म्यावरून बघितलं.

"तयार पॅनेल मिळतात हल्ली, बाई. फार महागही नाहीत."

"मला करायचंय."

"वेळ आहे म्हणायचा." असं म्हणून त्याने आत जाऊन एक खोका आणला. वाहतुकीत फुटलेल्या चकत्या होत्या, कुणी घेत नाही म्हणून पडून राहिलेल्या. त्याने त्या भंगाराच्या भावात दिल्या. फुटका तुकडासुद्धा अख्ख्या चकतीइतकेच व्होल्ट देतो, फक्त करंट कमी पडतो, हेही त्यानेच सांगितलं. असे छत्तीस तुकडे एकामागे एक जोडले की बारा व्होल्टची बॅटरी भरते. काच तिला गल्लीतच मिळाली. कोपऱ्यावरची इमारत पाडायला काढली होती, तिच्या सरकत्या खिडक्या फुटपाथवर उभ्या करून ठेवल्या होत्या. मुकादमाला विचारून तिने एक चौकटीसकट घरी आणली.

चकत्या पापडापेक्षा नाजूक. पहिल्या आठवड्यात निम्म्या तिच्या हातात मोडल्या. पण हात हळूहळू वळणावर आला. मे महिन्यात तिने पॅनेल गच्चीवर नेलं, मीटर लावला, आणि काटा अठरा व्होल्टच्या पुढे गेला. ती मीटरकडे बघत उन्हात कितीतरी वेळ उभी राहिली. कुणाला तरी सांगावं असं वाटलं. खाली गुजराथी कुटुंबाचं दार बंद होतं. सोसायटीचे सेक्रेटरी यज्ञेश्वर दांडेकर जिन्यात भेटले, त्यांना तिने सांगितलं. ते म्हणाले, "गच्ची वाळवणासाठी आहे. प्रयोगासाठी वेगळा ठराव लागेल." आणि पुढे निघून गेले. पण नंतर त्यांनी तिला अडवलंही नाही.

जुलैत त्या पॅनेलमध्ये पाणी शिरलं. कडा नीट बुजल्या नव्हत्या. तारा हिरव्या पडल्या, काच आतून धुरकट झाली. शालनने ते खाली आणून भिंतीशी उभं केलं आणि दुसरं करायला घेतलं.

त्याच सुमारास मंडईत तिला भाग्यश्री भेटली. दोघी कारखान्यात एकाच लाइनवर होत्या. भाजी घेता घेता भाग्यश्रीने एकेकीची खबर दिली, आणि शेवटी विमलाबाईंची. लोणी काळभोरला मुलाच्या घराबाहेर, मळ्यातल्या खोलीत राहतात. त्यांनाच गावात राहायचं नाही. तिकडे अजून विजेचा खांब गेलेला नाही, दिव्याविना दिवस काढतात. शालनने ऐकून घेतलं आणि मेथीची जुडी निवडत राहिली.

विमलाबाई लाइनच्या टोकाला भिंग घेऊन बसायच्या. प्रत्येक बोर्ड त्यांच्या हाताखालून जायचा. वीस वर्षं शालनची खुर्ची त्यांच्या शेजारी होती. नऊ वर्षांपूर्वी कारखान्यात डाग देणारी यंत्रं आली आणि कंपनीने बायकांना राजीनामे देऊन, पैसे घेऊन जायला सांगितलं. कुणीही सही करायची नाही असं सगळ्यांनी ठरवलं. सर्वांत आधी सही केली ती विमलाबाईंनी. सुट्टीच्या वेळी गेटवर, सगळ्यांसमोर, शालन त्यांना म्हणाली होती, "तुम्ही आम्हाला विकलंत." विमलाबाई पिशवी सावरून बसच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

त्यांच्या नवऱ्याची, कोंडीरामची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. हे शालनला दोन महिन्यांनी कळलं. वर्षाच्या आत कारखाना बंद झाला आणि सही न केलेल्याही सगळ्या घरी आल्या. मग कोंडीराम वारल्याचा निरोप आला. आई आजारी होती हे खरं, पण एका दिवसासाठी शेजारणीला बसवून जाता आलं असतं. शालन गेली नाही. कुठल्या तोंडाने जायचं हे तिला ठरवता आलं नाही, आणि मग फार उशीर झाला.

दुसरं पॅनेल तिने त्यांच्यासाठी केलं. कडांना तीनदा सिलिकॉन लावलं, बादलीभर पाणी ओतून बघितलं. बॅटरी आणि दोन दिवे घेतले. नवरात्र संपल्यावर एका सकाळी पॅनेल गोधडीत गुंडाळून ती निघाली. हडपसरला बस बदलताना कंडक्टरने विचारलं, "आरसा आहे का, मावशी?" ती हो म्हणाली.

मळ्यातल्या खोलीपर्यंत जाताना तिला वाटेत नवा सिमेंटचा खांब दिसला. तारा सरळ खोलीवर गेल्या होत्या. पडवीत भर दिवसा बल्ब जळत होता.

विमलाबाई बाजेवर बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, पण बसणं तसंच ताठ. त्यांनी शालनला ओळखलं आणि बाजेवर जागा केली. सून कल्याणी पाणी घेऊन आली. विजेची लाइन कधी आली असं शालनने विचारलं, तर आठच दिवस झाले म्हणाली. एवढ्या वर्षांनी आली बघा.

"ते काय आणलंस?" विमलाबाईंनी गोधडीकडे बघून विचारलं.

तसंच परत न्यावं असं शालनच्या मनात आलं. पण तिने गाठी सोडल्या. पॅनेल बाजेवर ठेवलं आणि काय आहे ते थोडक्यात सांगितलं. आता त्याची गरज नाही हेही सांगून टाकलं. विमलाबाईंनी सुनेकडून चष्मा मागून घेतला. पॅनेल उन्हाकडे तिरकं धरून त्या पहिल्या ओळीपासून बघायला लागल्या. एकेक तुकडा, एकेक डाग. बोट काचेवरून सरकत होतं. शालन हात मांडीवर ठेवून बसली. तीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या शेजारी पहिल्या दिवशी बसली होती तशी.

"चौथ्या वळीत, दुसरा," विमलाबाई म्हणाल्या. "ड्राय हाय."

शालनने वाकून बघितलं. खरंच, तो डाग कोरडा राहिला होता. आज ना उद्या सुटेल असा. तिला काय झालं कळेना, डोळे भरून आले. तिने पदराने पुसले आणि म्हणाली, "कोंडीरामभाऊ गेले तेव्हा मी आले नाही."

"न्हाय आलीस." विमलाबाईंनी चष्मा काढला. "मी वाट बघितली व्हती."

"गेटवर बोलले ते—"

"ते ऱ्हाऊ दे. ते समद्याच बोलल्या, तू तोंडावर बोललीस. पर तू येशील असं वाटलं व्हतं."

कल्याणीने चहा आणला. तिघींनी तो घेतला. कल्याणीच म्हणाली की गोठ्यावर अंधार असतो, तिथे लावू या. तिचा नवरा, योगेश, संध्याकाळी येऊन बसवेल. शालनने वायर कुठली कुठे जोडायची ते कागदावर काढून दिलं. निघताना विमलाबाई उठल्या नाहीत. "सावकाश जा," एवढं म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये तिच्या मांडीवर रिकामी गोधडी होती. जुन्या कारखान्याच्या जागी आता उंच इमारती झाल्या आहेत. तिकडे बघायचं नाही असं ठरवूनही तिने बघितलं.

तीन आठवडे काही कळलं नाही. फोन करावा असं रोज वाटायचं, आणि रोज ती दुसऱ्या दिवशीवर ढकलायची. मग एका दुपारी कल्याणीचा फोन आला. पॅनेल चालू आहे, तो डाग अजून सुटलेला नाही, पहाटे गाय व्याली, त्या उजेडाचा फार उपयोग झाला, हे तुम्हाला सांगायला आत्यांनी सांगितलं. सासूला ती आत्या म्हणायची. शालनने विचारलं, त्या जवळ आहेत का, देता का फोन? पलीकडे काही वेळ कुजबुज ऐकू आली.

"आत्या म्हणतात, फोनवर नको," कल्याणी म्हणाली. "संक्रांतीला या म्हणतात."

शालन बरं म्हणाली. संक्रांतीला अजून अडीच महिने होते. फोन ठेवल्यावर तिने जानेवारी शोधत भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली, पण ते यंदाचं कॅलेंडर डिसेंबरलाच संपत होतं. तिने डिसेंबरच्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'लोणी' लिहिलं आणि एकटीपुरता भात लावायला उठली.