हुलग्याचं माडगं

हुलगे भाजल्याचा वास आला की माझी मान खाली जाते. बायको टायफॉइडमधून उठत होती आणि डॉक्टरांनी भरपूर प्रथिनं द्यायला सांगितली होती, म्हणून मी उस्मानपुऱ्यातून पावडरचा महागडा डबा आणला. देवगावहून आलेल्या सासूबाई मात्र स्वयंपाकघरात हुलग्याचं माडगं शिजवत होत्या. "हे बैलांचं खाणं तिला देऊ नका," मी फटकारलं. त्या हळूच म्हणाल्या, "जावईबापू, बैल उभा ऱ्हातो नं त्याच्यावर? मग लेक बी ऱ्हाईल." दुसऱ्या दिवशी मी डबा दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी त्यावरचा मजकूर वाचला. "यात निम्मी साखर आहे. त्यापेक्षा हुलगे द्या." घरी आल्यावर माफी मागवेना; "माडगं उरलंय का?" एवढंच सासूबाईंना विचारलं. त्यांनी भरलेली वाटी माझ्या हातात ठेवली. "न्या, तुमीच पाजा." बायको आजही सांगते, "ह्यांनी मला माडगं पाजून उभं केलं." सासूबाई हसून मान हलवतात, आणि माझी खाली जाते.