साडूचे अक्षांश-रेखांश

माझ्या साडूइतका जागेला पक्का माणूस निदान या खंडात तरी माझ्या पाहण्यात नाही. गेल्या बारा वर्षांत सिडनीच्या पश्चिमेला जेवढे पक्षी, सरडे, पोसम आणि कांगारू त्याच्या कॅमेऱ्यासमोरून गेले, त्यांतला प्रत्येक जण त्या क्षणी नेमका कुठे होता हे तो अक्षांश-रेखांशांसकट, दशांशचिन्हापुढच्या सहा आकड्यांपर्यंत सांगू शकतो. तो स्वतः कुठे आहे, हे मात्र माझ्या मेहुणीला तीन-तीनदा फोन करून विचारावं लागतं. "इथेच आहे, येतोच," असं तो सांगतो, आणि ते 'इथे' बहुधा क्वेकर्स हिलच्या त्यांच्या घरापासून चाळीस किलोमीटरवर, एखाद्या दलदलीच्या काठी असतं.

तो पुण्याहून शिकायला म्हणून आला, इथेच चिकटला आणि आता वेस्टमीडला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासतो. मला वाटतं, सगळ्याचं मूळ तिथे आहे. मी एकदा त्याला विचारलं होतं, "अरे, फोटो छान आला ना, मग जागा कशाला हवी?" तो चहा पिता पिता थांबला. "आमच्याकडे नळीवर नाव नसेल तर ते रक्त फेकून देतात," तो म्हणाला. "कितीही लालभडक असलं तरी. जागा नसलेला फोटो तसाच. त्याला नुसतं चित्र म्हणायचं."

त्याचा कॅमेरा जुना. त्याला स्वतःला आपण कुठे आहोत हे कळत नाही. म्हणून माझा साडू खांद्याच्या पट्ट्याला काडेपेटीएवढं एक यंत्र लावून हिंडतो. ते दर पाच सेकंदांनी त्याची जागा टिपून ठेवतं. घरी आल्यावर कॉम्प्युटर कॅमेऱ्यातली वेळ आणि यंत्रातली वेळ जुळवतो आणि प्रत्येक फोटोच्या पोटात त्याचे अक्षांश-रेखांश लिहितो. सगळा खेळ घड्याळाचा. त्यामुळे घरातून निघताना लोक देवाला नमस्कार करतात, तसा हा आधी फोनवरच्या घड्याळाचा फोटो काढतो. त्यावरून कॅमेरा किती सेकंद मागे-पुढे आहे ते त्याला कळतं. एका ऑक्टोबरात, उन्हाळी वेळ सुरू होते त्या रविवारी, गडबडीत हा विधी राहिला. फोनचं घड्याळ आपोआप एक तास पुढे गेलं, कॅमेऱ्याचं गेलं नाही, आणि संध्याकाळी नकाशा उघडला तर पेलिकनांचा अख्खा थवा मोटरवेवरच्या पेट्रोल पंपावर उतरलेला. पेलिकन दिसण्याच्या तासभर आधी तिथे आम्ही दोघांनी मीट-पाय, म्हणजे खिमा भरलेला पेस्ट्रीसारखा प्रकार, खाल्ला होता. मी पोट धरून हसलो. तो हसला नाही. "दुरुस्त करायला एक मिनिट लागेल," म्हणाला, "पण तेवढा वेळ ते खोटं तिथे होतं ना."

यंत्राचीही एक खोड त्याला सतत टोचते. ते फोटो काढणाऱ्याची जागा टिपतं, पक्ष्याची नाही. म्हणून पक्षी उडून गेला की हा त्याच्या फांदीखाली जाऊन उभा राहतो आणि फोन आकाशाकडे धरून खरी जागा घेतो. एका बगळ्याच्या जागेसाठी तो खाडीच्या चिखलात गुडघ्यापर्यंत गेला आणि एक बूट तिथेच ठेवून आला. मेहुणी दारातच म्हणाली, "बुटाची जागा लिहिलीस का? उद्या आणायला जाता येईल." लिहिली होती. टूनगॅबीला आमच्या घरी गणपतीची आरती चालू असताना बार्बेक्यूखालून ब्लू टंग निघाली, म्हणजे निळ्या जिभेची, हातभर लांब, अगदी गरीब स्वभावाची सरडी. हा टाळ हातात घेऊनच अंगणात गेला. आम्ही प्रसाद घेऊन बाहेर आलो तेव्हा नव्या कुडत्यासकट पालथा पडला होता आणि फोन तिच्या शेपटीपाशी ठेवून उपग्रहांची वाट बघत होता. ती दोघं एकमेकांकडे इतकी शांतपणे बघत होती की मला मध्ये बोलवेना.

इतके दिवस मी याला छंदच समजत होतो. मग एकदा त्याने मला त्याचा नकाशा उघडून दाखवला. त्याच्या घरामागच्या भागावर निळ्या ठिपक्यांची दाटी होती. "हे रेन," तो म्हणाला. रेन म्हणजे अंगठ्याएवढा, निळ्या डोक्याचा, शेपटी उभी ठेवून टुणटुणणारा पक्षी. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. तिथे आता टाउनहाउसची रांग आहे. "हे ठिपके कुणाच्या तरी गॅरेजमध्ये आहेत," मी म्हणालो. "हो. झुडपं तिथेच होती," तो म्हणाला. "तिथे राहणाऱ्यांना हे कधी कळणार नाही. मला माहीत आहे म्हणून तरी ते होते." त्यानंतर मी त्याच्याबरोबर जास्त वेळा जाऊ लागलो, आणि उपग्रह सापडेपर्यंत गप्प उभं राहायलाही शिकलो.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्याला पॉवरफुल आउल सापडलं. हे ऑस्ट्रेलियातलं सगळ्यांत मोठं घुबड, आणि ते फार कमी लोकांना दिसतं. एका ओढ्याच्या घळीत जुन्या गम ट्रीच्या, म्हणजे निलगिरीच्या, ढोलीत मादी अंड्यांवर बसली होती आणि नर समोरच्या झाडावर राखण करत होता. पुण्याला आईला त्याने आनंदाने फोन केला, तर त्या म्हणाल्या, "घुबडं कसली बघत फिरतोस? संसार आहे ना तुला?" पण हा त्या महिनाभर हवेत होता. शिफ्ट सुटली की घळीत. लांबूनच बघायचा, फ्लॅश नाही, आवाज नाही. जागा आम्हा घरच्यांखेरीज कुणालाही सांगितली नाही.

एका संध्याकाळी नर पंजात पोसम, म्हणजे झाडावर राहणारा मांजराएवढा प्राणी, धरून बसलेला त्याला मिळाला. त्याचा तोवरचा सर्वांत चांगला फोटो. असा फोटो पेटीत ठेवून द्यायला संतच व्हायला हवं, आणि माझा साडू संत नाही. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या एका ऑनलाइन कट्ट्यावर त्याने तो टाकला. खाली फक्त 'सिडनी' असं लिहिलं. मला फोन करून म्हणालाही, "जागा लिहिली नाही हं. आयुष्यात पहिल्यांदा."

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं गेलो, तर गल्लीच्या टोकाला आठ गाड्या. घळीत हातभर लांबीच्या लेन्स घेतलेली माणसं. एकाने नीट दिसावं म्हणून समोरच्या फांद्या मोडल्या होत्या, दुसरा मोबाइलवरून घुबडाचा आवाज वाजवत होता. नर वरच्या फांदीवर अस्वस्थ सरकत होता. माझ्या साडूने एकाला विचारलं, "जागा कशी कळली तुम्हाला?" तो मनुष्य अगदी चांगला होता, हसून म्हणाला, "इट्स ऑन द मॅप, मेट," आणि त्याने आपला फोन पुढे केला. त्यावर माझ्या साडूचाच फोटो होता, आणि फोटोखाली नकाशा. नकाशावरची लाल खूण बरोबर नराच्या झाडावर, ढोलीच्या समोर.

त्याला काही उमगेना. घरी आल्यावर त्याच्या मुलीने, ती आता युनीत, म्हणजे विद्यापीठात, आहे, फोटो उघडून दोन मिनिटांत सांगितलं. "बाबा, यू डिडन्ट राइट इट. द फोटो डिड. लोकेशन फाइलमध्येच आहे, वेबसाइट आपोआप मॅप दाखवते." तो खुर्चीत बसला. अक्षांश-रेखांश फोटोच्या पोटात त्यानेच लिहिले होते, नेहमीच्या काळजीने, नर उडून गेल्यावर झाडाखाली जाऊन घेतलेली खरी जागा. टाकताना ते पुसायचे असतात हे त्याच्या डोक्यातच आलं नाही, कारण पुसणं हा प्रकारच त्याच्याकडे नव्हता.

फोटो त्याने तेव्हाच काढून टाकला, पण जागा तोवर सगळीकडे पोचली होती. तीन आठवडे माणसं येत राहिली. हा रोज कामावरून परस्पर तिथे जायचा, वाटेवर उभा राहायचा आणि येणाऱ्याला हात जोडल्यासारखं करून सांगायचा, "प्लीज, शी इज ऑन एग्ज." काही जण परत फिरले, काही "नो वरीज" म्हणून पुढे गेले. चौथ्या आठवड्यात ढोली रिकामी झाली. काउन्सिलची रेंजर बाई आली, तिने दुर्बिणीतून पाहिलं आणि नेस्ट सोडल्याचं हलक्या आवाजात सांगितलं. माझा साडू तिला म्हणाला, "इट वॉज मी." ती काहीतरी समजुतीचं बोलली. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे.

त्या रात्री त्याने कट्ट्यावर स्वतःच्या नावानिशी सगळं लिहिलं, काय झालं आणि कुणामुळे. काहींनी बोल लावले, बऱ्याच जणांनी आपापले जुने फोटो उघडून पाहिले आणि जागा पुसल्या. मग पाच महिने कॅमेरा कपाटात राहिला. मेहुणी मला म्हणाली, "हल्ली वेळेवर घरी येतो. मला मुळीच आवडत नाही." इतक्या वर्षांत तिच्या तोंडून असलं काही ऐकलं नव्हतं.

त्याला बाहेर काढलं ते रेंजर बाईने. घुबडं कुठे बसत होती, कुठून शिकार आणत होती, याची इतकी बारीक नोंद तिच्याकडे नव्हती. तिने मागितली. त्याने सगळी दिली, फक्त तिलाच, लॅबच्या रिपोर्टसारखी बंद पाकिटात. गेल्या हिवाळ्याआधी घळीची आतली वाट कुंपण घालून बंद झाली.

जूनमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, एका आर्वोला, म्हणजे दुपारी, त्याचा फोन आला. "येतोस?" एवढंच. आम्ही कुंपणाच्या बाहेर, घळीच्या वरच्या अंगाला, एका खडकावर बसलो. कॅमेरा त्याच्या मांडीवर होता. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं, काकाटू पोपट ओरडून ओरडून थकले आणि खालून आवाज आला, दोन सुरांचा, खोल, सावकाश. थोड्या वेळाने पुन्हा. मग दुसरा, जरा वरच्या पट्टीतला. "मादी," तो कुजबुजला. त्याने कॅमेरा उचलला नाही.

"तीच असेल का रे?" मी विचारलं.

"कसं कळणार," तो म्हणाला. "तिच्यावर कुठे नाव लिहिलंय." मग त्याने थर्मास उघडला, आधी माझा कप भरला आणि आवाज पुन्हा येतो का ते ऐकत आम्ही अंधार पडेपर्यंत बसून राहिलो.