नक्षीवाला मल्लेश आणि काळा पडदा

मल्लेश चिट्याल उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच मोठं खोटं बोलला, आणि तेही दोनच शब्दांचं. ज्यांना सवय असते ते दिवसाला दहा थापा मारून पचवतात. याचं पहिलंच होतं, आणि पहिलंच अंगाशी आलं.

सोलापूरच्या भद्रावती पेठेत राहणारा हा माणूस चादरी-टॉवेलांची नक्षी काढायचा. आधी चौकडीच्या कागदावर, मग कारखान्याच्या कॉम्प्युटरवर. त्याच्या मोरांना किती पाहुण्यांनी ओली तोंडं पुसली असतील याचा हिशेब नाही, पण टॉवेलावर नक्षीवाल्याचं नाव कोण छापतो? कारखाना बंद पडला तेव्हा मालकानं त्याला हार घातला आणि नारळ दिला. तेव्हापासून तो घरी होता. बायको सावित्रम्मा विड्या वळायची आणि हा शेजारी बसून तेंदूची पानं कापून द्यायचा. मोराची मान वळवणाऱ्या बोटांना साधं पान धड कापता येत नाही, असं ती हसत म्हणायची. तिला ती गंमत वाटायची. त्याला दर वेळी आतून लागायचं.

भाद्रपद सरताना चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात जागा असल्याचं कळलं. मालकाचा मुलगा आशिष नम्र पोरगा होता. चहा पाजला, जुनी कामं पाहिली आणि सहज विचारलं, "काका, आमच्याकडं सगळे कॉम्प्युटर विंडोजवर नाहीत, लिनक्सवर आहेत. येतं ना?"

मल्लेशनं तो शब्द जन्मात पहिल्यांदा ऐकला होता. "येतं की," तो म्हणाला.

"मग दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी या. एक नक्षी काढून दाखवा, लगेच कामाला लागू."

मधे नवरात्र होतं. तेवढ्यात शिकू, त्यात काय, असं मल्लेशला वाटलं. घरी येऊन त्यानं सावित्रम्माला नोकरीचं सांगितलं, खोट्याचं सांगितलं नाही.

कोपऱ्यावर बसूचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मल्लेशच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या डबड्याकडं पाहून बसू म्हणाला, "लिनक्स ह्येच्यावर बसंल. फुकट असतंय. पर मला त्यातलं काय येत न्हाय बगा." फाईल तेवढी उतरवून देतो म्हणाला. यादीत एक मोठी फाईल होती आणि एक अगदी लहान. मल्लेशनं लहान फाईलवर बोट ठेवलं. कमी सूत, कमी वाया, ही जन्माची सवय. लहान फाईलमध्ये चित्रांचा पडदा नसतो, तो नंतर वेगळा उतरवायचा असतो, हे बिचाऱ्याला कोण सांगणार?

त्यामुळे सगळं बसवून झालं तेव्हा समोर काळाकुट्ट पडदा आला आणि वर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ. ना चित्र, ना खिडकी, ना माऊसचा बाण. नाव विचारलं, त्यानं दिलं. पासवर्ड विचारला, तो टाइप केला तर पडद्यावर काहीच उमटेना. मल्लेशला वाटलं कीबोर्ड मेला. तो काखेत मारून बसूकडं गेला. बसूनं आपटून, फुंकर मारून पाहिलं आणि ठणठणीत म्हणून परत दिला. पासवर्ड दिसत नाही, तसाच आत जातो, ही अक्कल दोन दिवसांनी एका हिंदी व्हिडिओतून आली. त्या व्हिडिओतला माणूस असा भराभर बोलायचा की जणू त्याची गाडी सुटत होती.

त्याच माणसाकडून पुढचं कळलं. मोबाईल वायरीनं जोडायचा, चार शब्दांचा हुकूम द्यायचा, की चित्रांचा पडदा नेटवरून आपोआप उतरून बसतो. एक अक्षर चुकलं तरी मशीन तोंड वाकडं करायचं. हुकूम बरोबर पडला तर मोबाईलचं त्या दिवसाचं नेट संपायचं आणि गाडं अर्ध्यावर अडायचं. मग उद्यापर्यंत पानं कापत बसा. मल्लेश चिडचिडा झाला. वरण खारट झालं म्हणून सावित्रम्मावर ओरडला. खारट नव्हतंच ते.

आता या घराचा एक कायदा सांगायला हवा. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा होते आणि त्या दिवशी यंत्राला विसावा असतो. माग बंद, कात्री बंद, मिक्सरसुद्धा बंद. कायदा मल्लेशच्या वडिलांचा, पण पाळायचा मल्लेश, आणि तोही कडक. एका वर्षी सावित्रम्मानं चटणीसाठी मिक्सर फिरवला, तर हा पठ्ठ्या दिवसभर जेवला नाही. तेव्हापासून तिनं कधी चूक केली नव्हती.

आणि खंडेनवमीच्याच सकाळी नेट पुरलं. सगळं उतरलं, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर जाऊ लागल्या. पडदा बसत होता! तासाभरात चित्र दिसणार होतं. कायदा मल्लेशला आठवत होता, नाही असं नाही. पण पूजा दुपारी आहे, आणि मी कुठं चालवतोय, ते आपलं आपण चाललंय, अशी त्यानं मनाची समजूत घातली. दुसऱ्याला कडक असलेला माणूस स्वतःला फार लवकर माफ करतो.

"झेंडू आणा की," सावित्रम्मा आतून म्हणाली. "आन् लवकर या, नैवेद्य झालाच."

मोबाईल मशीनला जोडलेला होता म्हणून तो तसाच ठेवून मल्लेश कन्ना चौकात गेला. बाजारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बऱ्याच दिवसांनी त्याला घासाघीस करावीशीही वाटली नाही. फुलवाली म्हणेल त्या भावानं त्यानं फुलं आणि एक हार घेतला आणि लांब लांब ढांगा टाकत घरी आला.

पाटावर सूप, विड्यांची कात्री, विळी ओळीनं मांडली होती. शेजारी कॉम्प्युटर. पडदा विझलेला, वायर भिंतीतून काढून नीट गुंडाळून ठेवलेली. चालू करायच्या बटणावर हळद-कुंकवाचं ठसठशीत बोट.

"इसरला हुता की ओ," सावित्रम्मा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर कौतुकाची वाट पाहणारं हसू होतं. "चालूच हुतं. बरं झालं मी बगितलं. तुमच्या बानी ठिवलेला नेम आज मोडला असता."

मल्लेशनं झेंडू पाटाजवळ ठेवला. तिनं त्याचाच कायदा पाळला होता. वायर पुन्हा लावावी म्हणून हात पुढं गेला आणि ते कुंकू पाहून मागं आला. तिनं हार मागितला. त्यानं स्वतःच्या हातानं तो मशीनला घातला.

दसऱ्याला सकाळी त्यानं बटण दाबलं. बसवणं अर्ध्यावर तुटल्यामुळं मशीननं नावसुद्धा विचारलं नाही. इंग्रजीत कसलीशी तक्रार करून गप्प बसलं. व्हिडिओतल्या माणसाजवळ त्यावर उपाय असेलही, मल्लेशला सापडला नाही. नेट संपलं. बसूचं दुकान बंद होतं. संध्याकाळी सोनं द्यायला लोक आले, त्यांच्याशी तो हसून बोलला.

दुसऱ्या दिवशी चिंचोळीत आशिषनं त्याला खुर्चीवर बसवलं. समोर रंगीत, झकपक पडदा. डाव्या बाजूला चित्रांची रांग, त्यातलं एकही ओळखीचं नाही. मल्लेश माऊस इकडून तिकडं फिरवत राहिला.

"काका, येतं म्हणाला होतात ना?" आशिष हळूच म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"कागदावर काढून देतो. उद्यापर्यंत."

"कागद आता कोण बघतं, काका?"

चहा आला. तो पिऊन मल्लेश उठला. खंडेनवमीलाच पडदा दिसला असता तर त्याला नक्षी जमली असती का? मला विचाराल तर मला शंका आहे. पण बसमध्ये बसलेल्या मल्लेशला मुळीच शंका नव्हती. जमलं असतं, असं त्याला ठाम वाटत होतं, आणि तेच त्याला खात होतं. बायकोला काय सांगायचं, हे ठरेपर्यंत सोलापूर आलं.

सावित्रम्मा दारातच सूप घेऊन बसली होती. "काय झालं ओ?"

"जागा भरली हुती. माज्या आदी कुणीतरी आलता."

तिचे हात थांबले. तिनं तंबाखूचं सूप खाली ठेवलं.

"त्या मशीनला कुंकू लावताना मी देवीला तुमची नोकरी येवढीच मागितली हुती," ती म्हणाली. "माज्याच पूजेत कायतरी कमी पडलं असंल."

मल्लेश तिच्या शेजारी टेकला आणि पानांची चळत मांडीवर घेतली.

"न्हाई गं," तो म्हणाला. "तुजी पूजा लई नीट झाली हुती."