उघड्या गाडीतलं गुपित

बाबांना काही गुपचूप सांगायचं म्हणजे आधी ब्राह्मणपाऱ्याला, आमच्या अख्ख्या मोहल्ल्याला, सांगावं लागे. जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवून त्यांचे कान गेले होते. कानाचं यंत्र होतं, पण घरातला कूलर, भांडी, गल्लीतले हॉर्न सगळंच त्यातून डोक्यात शिरतं म्हणून ते खिशात राही. मग आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडायचो आणि पारा ऐकायचा.

आणि मला सांगायचं होतं ते असं ओरडण्यासारखं नव्हतं. ऑफिसातल्या एका छत्तीसगढी मुलाशी लग्न करायचं होतं, आणि ते सगळ्यांआधी बाबांना सांगायचं होतं.

छत्तीसगढची नवी राजधानी झाल्यापासून शहराबाहेर रुंद, रिकामे रस्ते झाले होते. माझ्याकडे जुनी, दोन सीटांची, उघड्या छताची गाडी होती. तिच्यात बसताना बाबा यंत्र आपणहून लावत, कारण इंजिन ऐकायचं असे. पण गाडीचा पत्रा असा खडखडायचा की दोन वळणांतच यंत्र परत खिशात. बरं, गाडी उभी करून बोलावं, तर बाबा लगेच उतरून बॉनेट उघडायचे. गाडी थांबली म्हणजे काहीतरी बिघडलंच, हा त्यांचा धर्म.

शेवटी शंकर नगरच्या बाजारातून मी पत्र्याला आतून चिकटवायच्या, आवाज दाबायच्या शीट आणल्या. एका बाजूला चंदेरी, दुसऱ्या बाजूला डांबरासारख्या काळ्या, चिकट.

बाबा पोट धरून हसले. "छतच नाही, अन् आवाज काहून दाबून राहिली?"

"खडखड पत्र्याची आहे, बाबा. वाऱ्याची नाही!" मी ओरडले. पाऱ्याने ऐकलं.

मे महिन्याचं ऊन होतं. शीट मऊ पडाव्यात म्हणून मी त्या गच्चीवर आईच्या पापडांशेजारी मांडल्या, उत्साहात सगळ्या शीटांच्या चिकट बाजूचे कागदही सोलून ठेवले आणि पाणी प्यायला खाली गेले. परत येऊन बघते तर आईने प्रत्येक शीटवर तांदळाची पिठी भुरभुरवलेली.

"एकमेकीले चिकटल्या असत्या ना व!" आई म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. चिकटणं हेच तर त्यांचं काम होतं! दुपारभर आम्ही तिघं पेट्रोलच्या फडक्याने पीठ पुसत बसलो. आईने मग चूक भरून काढायची म्हणून लाटणं आणलं आणि गाडीत वाकून शीट अशा दाबल्या की एकही कोपरा उचलला नाही. पापड लाटलेला हात तो. ते लाटणं मात्र पुन्हा स्वयंपाकघरात गेलं नाही.

संध्याकाळी मी बाबांना घेऊन निघाले. छत उघडं, गाडी हळू. शहर मागे पडलं तरी यंत्र कानातच होतं. मला इतका आनंद झाला की गियर चुकला.

"बाबा, मले लग्न करायचं आहे," मी साध्या आवाजात म्हटलं. "ऑफिसातला आहे. इथलाच, छत्तीसगढी."

बाबा इंजिनाकडे कान लावून बसले होते. पुन्हा सांगायचा धीर माझ्यात नव्हता.

"ऐकू आलं का?"

"आलं. इंजिन छान चालून राहिलं." म्हणजे इंजिनच ऐकू आलं, मला वाटलं. मग ते म्हणाले, "मराठी येते त्याले?"

"समजते. बोलते हिंदीतच."

"चालते. मलेबी कुठं सगळं ऐकू येते!"

मी हसले, रडले, दोन्ही झालं. बाबांनी रस्त्याकडे बघायला सांगितलं.

घरी पोचलो. बाबा उतरले, सवयीने यंत्र काढून खिशात ठेवलं आणि गच्चीवर पापड गोळा करणाऱ्या आईला खालूनच हाक मारली. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नसे.

"अवं, ऐकलं का! पोट्टीनं नवरा पाह्यला!"

आई कठड्याशी येईपर्यंत समोरच्या दोन खिडक्या उघडल्या होत्या आणि कुणाचं तरी "बधाई हो!" म्हणूनही झालं होतं. सगळ्या पाऱ्यानंतर आपल्याला कळलं, हे आई अजून ऐकवते.