दोन आखूड, एक लांब

इथं अनुभव सांगताना बरेच जण "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता" असं सांगून सुरुवात करतात. माझा तर नव्हताच... पण मी दुसऱ्यालाही ठेवू दिला नाही. घाटनांदूरच्या आसपासच्या शाळांमधून जन्मभर विज्ञान शिकवलं. कुणा बाईच्या अंगात आलं असं कळलं की मी मुद्दाम जायची आणि तिचा हात धरून नाडी मोजत बसायची. एकीनं घुमता घुमताच हळूच सांगितलं, "बाई, हात सोडा, गुदगुल्या व्हायल्यात."

पोरांनी माझं नाव ठेवलं होतं फट्‌बाई. कारण हायड्रोजन. जस्ताचे तुकडे, पातळ आम्ल, नळीच्या तोंडाशी पेटती काडी – फट्! मागच्या बाकावर झोपलेलं पोरगंसुद्धा दचकून उभं राहायचं. मग मी टेबलावर रूळ आपटून म्हणायची, "हायड्रोजन! रंग नाही, वास नाही, चव नाही. लक्षात ठेवा, आयुष्यात उपयोगी पडेल." कुणाला? शेवटी मलाच.

पण त्याआधी फट्‌बाई आणि तिची सासू यांची गोष्ट सांगायला हवी. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, दातांना कायम मिश्री, आणि फुंकर गावात नावाजलेली. लेकराच्या डोळ्यात कुसळ गेलं, हात भाजला, रात्रभर किरकिरलं – आणा आत्याबाईंकडं. त्या लेकराला मांडीवर घ्यायच्या, ओठांचा चंबू करायच्या आणि फुंकायच्या. फू... फू... फूऽऽऽ. दोन आखूड, एक लांब. कधी यात बदल नाही.

नव्या सुनेला हे कसं सोसावं? मी बी.एस्सी.! त्या काळी मी केसांत गजरा कमी आणि पेन जास्त खोचायची. शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं तेव्हा मी थेट आत्याबाईंनाच बोलावलं. टेबलावर ग्लासभर चुन्याची निवळी, त्यात काचेची नळी. माझा डाव असा, की आत्याबाई नळीतून फुंकणार, उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं निवळी पांढरी होणार, आणि मी जमलेल्या गावाला ठणकावून सांगणार – पाहा, या फुंकरीत एवढंच आहे!

आत्याबाईंनी फुंकलं. दोन आखूड, एक लांब. बुडबुडे उठले. पुन्हा दोन आखूड, एक लांब. निवळी पांढरीशुभ्र. मी घसा खाकरला... तेवढ्यात आत्याबाई बायांकडं वळल्या.

"बगा गं बायांनो! माज्या फुंकरीनं पान्याचं दूद झालं!"

संपलं. माझा कार्बन डायऑक्साइड ऐकायला कुणी थांबलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या वाड्या-वस्त्यांवरूनही लेकरं यायला लागली. घरी जाताना आत्याबाई मला म्हणाल्या, "तुजी शाळा चांगली हाय गं. मी उगंच नावं ठेवायची."

आता चालू काळात येते.

आत्याबाई गेल्या, पुढं आमचे हेही गेले. मुलगा अविनाश पुण्याला. मी घाटनांदूरला एकटी आणि मजेत. दारात सीताफळ, भिंतीपलीकडं शेजारीण सुमन, आणि दिवसभर कुणाची तरी चूक काढायला मोकळी. सगळं जग कोरोना विसरून गेलं, तेव्हा तो सावकाश माझ्याकडं आला. दवाखान्यात किती दिवस कशी होते हे मला नीट आठवत नाही. वाचले. पण फुप्फुसं झाली जुन्या छत्रीसारखी – उघडायला जावं तर अर्ध्यातच अडकायची. "पाणी दे" म्हणायला मधे एकदा थांबावं लागायचं. माझ्यासारख्या बडबडीला!

तिथून मला अंबाजोगाईच्या एका छोट्या केंद्रात हलवलं. आजारानंतर श्वास आणि चालणं परत शिकवतात, तसलं केंद्र. अविनाशनं सरळ सांगून टाकलं होतं, "आई, तुझं ऑक्सिजनचं यंत्र सुटलं तर तू घाटनांदूरला जा. नाही सुटलं, तर मी तुला एकटी ठेवणार नाही. पुण्याला यायचं, कायमचं."

"तिथं मी काय करू?"

"इथं सगळं आहे आई. लिफ्टसुद्धा आहे."

"माझ्या घराला पायरी एक. तिला लिफ्ट कशाला लावू?"

पण मनातून टरकले होते. पुण्याच्या त्या घरात सगळे प्रेमाचेच. पण नाकात नळी घालून दुसऱ्याच्या गॅलरीत कुंडीसारखं बसायचं... त्यापेक्षा मला माझी ती एक पायरी हवी होती.

केंद्रातले डॉक्टर तरुण आणि सरळ. एके दिवशी म्हणाले, "बाई, व्यायामाला जोड म्हणून हायड्रोजन देऊन बघू या. नाकातून हुंगायचा."

मी इतकी हसले की खोकल्याची उबळ आली. "डॉक्टर, त्याला काडी लावली की फट् वाजतं! जन्मभर वाजवलंय मी!"

"म्हणून काडी लावायची नाही," ते शांतपणे म्हणाले. मग त्यांनी नीट सांगितलं. हे काही पक्कं सिद्ध झालेलं औषध नाही, अभ्यास अजून थोडे आहेत. काही रुग्णांचा दम कमी लागला असं दिसलंय, एवढंच. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला हे फार आवडलं. "मला माहीत नाही" म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला. मी हो म्हटलं.

यंत्र लहानशा फ्रिजएवढं. आत पाणी भरायचं, विजेनं त्या पाण्याचे दोन वायू वेगळे व्हायचे – मी पोरांना बॅटरी आणि पेन्सिलीची शिसं घेऊन दाखवायची, अगदी तेच! बाजूला एक पारदर्शक बाटली. त्यातला हायड्रोजन तिच्यातल्या पाण्यातून बुडबुडत ओला होऊन नळीतून नाकात यायचा. भात रटरटावा तशी एकसारखी बुडबुड, खंड नाही. वास? काही नाही. चव? नाही. शाबास, फट्‌बाई, खोटं नव्हतीस शिकवत.

माझी जाऊ भेटायला आली, ती अंगारा घेऊन. लावला कपाळाला, तिचं मन कशाला मोडा? मग तिनं पिशवीतून उदबत्ती काढली आणि काडेपेटी शोधायला लागली... तेव्हा व्यायाम शिकवणारी प्रज्ञा दारातून अशी धावली की बिचाऱ्या जावेला वाटलं, पोरगी नास्तिक हाय!

ही प्रज्ञा तेलगावची. फिजिओथेरपीची पदवी घेतलेली, आणि जीभ माझ्यापेक्षा तिखट. ती मला श्वास सोडायला शिकवायची. "आजी, घेण्यापेक्षा सोडणं महत्त्वाचं. ओठांचा चंबू करा अन् हळूहळू सोडा. गरम चहावर फुंकतो ना, तसं."

"मी चहा बशीत ओतून पिते. फुंकत नाही."

"जास्त बोलू नका. दम वाचवा."

मला ते काही जमायचं नाही. मी वाद घालता घालता श्वास सोडायची, तो तोंडातून एकदम निसटायचा आणि छाती पुन्हा धापा टाकायची.

मग चालायची परीक्षा झाली. व्हरांड्यात ठरलेला वेळ चालायचं, बोटाला चिमटा, त्यावर ऑक्सिजनचा आकडा. अर्ध्यातच आकडा घसरला आणि मी भिंत धरली. त्याच दुपारी अविनाशचा फोन आला, "आई, रविवारी गाडी घेऊन येतो. तुझं काय सामान आणायचं घरून, ते सांग." मी सीताफळाचं झाड म्हणाले. तो हसला नाही.

त्यानंतर मला यंत्राजवळ बसवून प्रज्ञा पलीकडच्या खोलीत दुसऱ्या रुग्णाकडं गेली. मी डोळे मिटले. आणि लाइट गेली. पंखा थांबला, यंत्रानं एक बारीक शिट्टी मारली नि गप्प झालं. बुडबुड बंद.

आता यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. लाइट जाणं आम्हाला नवं नाही. पण रविवार डोक्यात होता... आणि माझा श्वास सुटला. म्हणजे ताब्यातून सुटला. भराभर, वरच्या वर. बेलचं बटण दाबलं, तर ती विजेवरची. हाक मारायला वारा लागतो, तोच नव्हता. डोळ्यांपुढं काळं यायला लागलं. मला एवढंच वाटलं – आता ना घाटनांदूर, ना पुणे.

तेव्हा बाटलीत आवाज झाला.

बुड. बुड. बुऽऽऽड.

मी ऐकत राहिले. थोडं थांबून पुन्हा. दोन आखूड, एक लांब.

मी डोळे उघडले. यंत्रावरचा हिरवा दिवा विझलेला. पंखा स्तब्ध. आणि बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे – दोन लहान झुबके, मग एक लांबलचक माळ. खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. राग आला! म्हटलं, इथंसुद्धा आल्या का मला शिकवायला? पण राग येईपर्यंत ओठांचा चंबू आपोआप झाला होता. फू, फू, फूऽऽऽ. बाटली पुढं, मी मागं. आत्याबाईंच्या मांडीवरचं किरकिरं लेकरू जसं हळूहळू निवायचं, तशी माझी छाती निवत गेली.

प्रज्ञा पळत आली. "आजी! लाइट कवाची गेलीय, म्या म्हणलं तुमी –" आणि ती थांबली. तिची नजर बाटलीवर. मग यंत्रावर. मग पुन्हा बाटलीवर.

"हे... लाइट नाही तरी कावून चालू हाय?"

केंद्रात सदानकदा शहरी मराठी बोलणारी पोरगी, घाबरल्यावर तेलगाव बाहेर आलं. तिनं भिंतीतला प्लग ओढून काढला. वायर हातात धरून आम्ही दोघी बघत होतो. बुड, बुड... बुऽऽऽड. एकदाच. मग पाणी स्थिर झालं.

तिनं माझ्या बोटाला चिमटा लावला. आकडा त्या आठवड्यातला सगळ्यांत चांगला.

चिमटा काढत ती म्हणाली, "आजी, मी काही पाहिलं नाही."

"मीपण नाही," मी म्हणाले. आणि एका दमात म्हणाले, मधे न थांबता. ते दोघींच्या लक्षात आलं तेव्हा ती आधी हसली आणि मग रडली. मी उलट क्रमानं.

त्या दिवसापासून मी तशीच फुंकायला लागले. प्रज्ञा म्हणायची, "असं पुस्तकात नाही. पण तुम्हाला जमतंय तर करा." रविवारी अविनाश आला, त्याला डॉक्टरांनी अजून थोडे दिवस थांबायला सांगितलं. पुढच्या परीक्षेला मी व्हरांडा पुरा चालले, वर प्रज्ञाला म्हणाले, "तू मागं पडतीयेस." ऑक्सिजनचं यंत्र सुटलं, आणि अविनाशनं मला पुण्याच्या रस्त्याला नाही, घाटनांदूरच्या रस्त्याला आणून सोडलं. ती एक पायरी मी त्याचा हात न धरता चढले. माझ्यापेक्षा जास्त धाप त्यालाच लागली होती, बघून.

आता तुम्ही विचाराल ते मी आधीच विचारून बसले आहे. नळीत उरलेला वायू? यंत्र दुरुस्त करणारा म्हणाला, उरला तरी एक-दोन बुडबुडे, लगेच संपतो. माझ्याच श्वासानं बुडबुडे ओढले गेले? पण नळीची टोकं नाकात सैल असतात, वारा बाजूनं येतो. मी घरी येऊन बाटली, नळी सगळं जुळवून ओढून पाहिलं. एक बुडबुडा निघाला नाही. भास? मग तो प्रज्ञाला कसा झाला? तिला तर आत्याबाई माहीतसुद्धा नव्हत्या. आणि ती लय? माझ्याकडं उत्तर नाही. परीक्षेत असं लिहिणाऱ्या पोरांना मी शून्य द्यायची. द्या मला शून्य.

मी बरी झाले त्यात हायड्रोजनचा वाटा किती, व्यायामाचा किती, दिवसांचा किती, हे डॉक्टरही सांगत नाहीत. मी सगळ्यांचीच ऋणी आहे. ते "माहीत नाही" म्हणणारे डॉक्टर, ती तिखट पोरगी, अंगारा आणणारी जाऊ, रंग-वास-चव नसलेला तो वायू... आणि मिश्री लावणाऱ्या एक बाई.

परवा सकाळी मी पानाचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवलेली निवळी ओतून घेतली. ग्लास घेऊन पायरीवर बसले, स्ट्रॉ घातली आणि फुंकलं. दोन आखूड, एक लांब. छाती भरून, पुन्हा पुन्हा. निवळी हळूहळू पांढरी होत गेली.

भिंतीवरून सुमननं डोकं काढलं. "बाई, काय चाललंय ओ सकाळी सकाळी?"

मी घसा खाकरला. 'कार्बन डायऑक्साइड' अगदी ओठांवर आला होता.

"पाण्याचं दूध झालं बघ, सुमन," मी म्हणाले. "माझ्या फुंकरीनं."