खंडेनवमीचा फोन

ज्या वस्तूने वर्षभर आपल्याला सांभाळले, तिच्यापुढे वर्षातून एक दिवस हात जोडावेत. मग वेळ आली की ती आपल्यासाठी धावून येते. हे माझ्या आत्याचे मत आहे. या मतानुसार तिच्या घरी खंडेनवमीला विळी, कात्री, शिवणयंत्र, मिक्सर आणि कॉम्प्युटर यांची पूजा होते. यांपैकी मिक्सर आजवर वेळेला कधीच धावून आलेला नाही. पण त्याला पूजेतून वगळण्याचे धाडस घरात कोणी केलेले नाही.

आत्या अंबरपेठेत एकटी राहते. हैदराबादच्या एका मराठी शाळेत तिने जन्मभर गणित शिकवले. आतोबा सरकारी नोकरीत होते. कॉम्प्युटर त्यांनी निवृत्तीनंतर घेतला, आत्मचरित्र लिहायचे म्हणून. प्रत्यक्षात त्यावर त्यांनी गल्लीतल्या गटाराबद्दल महापालिकेला पत्रे लिहिली, आणि ती आत्मचरित्रापेक्षा नक्कीच जास्त प्रामाणिक होती. ते गेल्यावर त्या यंत्राला एकच काम उरले. दर रविवारी सकाळी आत्याचा मुलगा अमेरिकेतून त्यात दिसतो. मोबाइलवरही दिसला असता, पण आत्याची नजर आता अधू झाली आहे. "मोबाइलात तो पासपोर्टच्या फोटोएवढा दिसतो," ती म्हणते. "पासपोर्टच्या फोटोत कुणी आपलं माणूस वाटतं का?"

या मुलाने शहराबाहेर ज्येष्ठांसाठी बांधलेल्या एका वसाहतीत तिच्यासाठी घर पाहून ठेवले होते. वसाहतीचे गुळगुळीत माहितीपत्रक मीही वाचले. 'जीवनाच्या सुवर्णसंध्येचे स्वागत' असे वर लिहिले होते, आणि खाली बाकावर बसलेले एक वृद्ध जोडपे हसत होते. त्या वयात इतके हसण्यासारखे काय घडले, याचा खुलासा पत्रकात नव्हता. आत्याने ते नीट वाचले, घडी घातली आणि मला परत दिले.

"इथं माझ्या दाराला आतून कडी आहे," ती म्हणाली. "तिथली कडी कुणाच्या हातात असेल?"

मुलगा वाईट नाही. घाबरलेला आहे. उन्हाळ्यात आत्याला 'आज रात्री वीज तोडली जाईल' असा निरोप मोबाइलवर आला आणि तिने त्यातल्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवले. बँकेच्या कार्डाची मुदत संपलेली होती, म्हणून काही गेले नाही. मुलाने मात्र मला फोन करून स्पष्ट सांगितले, "दादा, आता परत एकदा जरी असं झालं ना, तर मी तिकीट काढून येतो, घर विकतो आणि आईला तिथं सोडूनच परत जातो. तू लक्ष ठेव." मी हिमायतनगरला राहतो, ऑटोने फार लांब नाही. त्यामुळे पंच म्हणून माझी नेमणूक झाली. आत्याला हे ठाऊक होते. मी गेलो की ती गॅसचे बटण माझ्या देखत दोनदा तपासायची, आणि ते पाहून मलाच ओशाळल्यासारखे व्हायचे.

खंडेनवमीला मी तिच्याकडे जेवायला होतो. आतल्या खोलीत कॉम्प्युटरच्या डब्याला गंधाची बोटे उमटली होती, पडद्याला झेंडूची माळ होती आणि डब्याच्या वरच्या जाळीवर कुंकवाच्या ओल्या अक्षता सढळ हाताने पडलेल्या होत्या. आत्या कोणत्याच गोष्टीत हात आखडत नाही. पुरणपोळीवर तूप वाढता वाढता तिचा मोबाइल वाजला. तिला कमी ऐकू येते, म्हणून तो नेहमी मोठ्या आवाजावरच असतो. पलीकडून एका माणसाने इंग्रजी नाव सांगितले आणि हिंदी सुरू केली.

"मैडम, कंप्यूटर कंपनी के टेक्निकल डिपार्टमेंट से बोल रहा हूँ. आपके कंप्यूटर से खतरनाक वायरस जा रहा है. हमारे हेड ऑफिस में लाल बत्ती लग गई है."

मी हातानेच 'ठेव, ठेव' अशी खूण केली. आत्याने ती पाहिली आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी ठेवली.

"आत्या, फोन ठेव," मी मोठ्याने म्हणालो. तिने हात वर करून मला गप्प केले. वर्गात तोच हात वर गेला की मागचा बाक गप्प व्हायचा, असे तिचे जुने विद्यार्थी सांगतात. शिवाय त्या घरात मोठे माणूस बोलत असताना मध्ये बोलत नाहीत आणि समोरच्याचे बोलणे संपल्याशिवाय फोन ठेवत नाहीत. आतोबांच्या काळापासूनची ही रीत आहे. त्या रीतीमुळे आजवर कुणाचे नुकसान झाले नव्हते; घरी फोन करणारी माणसे तेव्हा ओळखीची असत.

"लाल बत्ती?" आत्याने विचारले. हेड ऑफिस या शब्दाने तिचा आवाज खाली आला होता. जन्म सरकारी नोकराच्या घरात काढलेल्या माणसाला हेड ऑफिसवर शंका घेणे जमत नाही. "मैं तो कुछ बी नै की बेटा. इतवार को बस लड़के से बात करती."

"मैडम, सब चला जाएगा. बैंक, फोटो, सब. अभी कंप्यूटर ऑन कीजिए. मैं जो बोलूँ वो टाइप कीजिए."

"लड़का दिखता उसमें. वो तो दिखेगा ना?"

नेमके कुठे दाबायचे, ते त्या माणसाला कळले असावे.

"आज ऑन नहीं किया, तो कभी नहीं दिखेगा."

आत्या उठली. मोबाइल तोंडापाशी धरून ती आतल्या खोलीत गेली आणि मी उष्ट्या हाताने तिच्या मागे गेलो. तिने खुर्ची ओढली. माळ थोडी बाजूला केली. उजवा हात बटणापर्यंत गेला. मी तिचा हात धरणारच होतो, एवढ्यात तो आपोआप थांबला. ती त्या गंधाच्या बोटांकडे पाहत राहिली. मग तिने हात मागे घेतला आणि माळ पुन्हा जागेवर सारखी केली.

"आज नक्को बेटा," ती म्हणाली. "आज ये पूजे में बैठा है."

"क्या?"

"आज नवमी है ना. सुबह पूजा हो गई. अब कल तक हात नै लगाते."

"मैडम, पूजा बाद में कर लेना! पहले ऑन कीजिए!"

"बाद में कैसी? हो गई बोली ना. कल हलाने के बाद तुम बोलोगे वैसा करती. कल फोन करो. खाना खाए क्या?"

त्या माणसाने बरेच काही केले. आधी समजूत घातली, मग पोलिसांची भीती घातली, मग आत्याच्या वयाचा उल्लेख अशा शब्दांत केला की मी मोबाइल हिसकावायला पुढे झालो. आत्या ऐकत होती. तिचे डोळे भरले होते, पण हात पदरात घट्ट गुंडाळलेले होते, जणू ते सोडले तर बटणाकडे जातील. शेवटी फोन त्यानेच ठेवला. घरची रीत तेवढी पाळली गेली.

आत्या खुर्चीत बसली. "तू उद्या सकाळी येशील का?" तिने मला विचारले. "ते सांगतील तसं टाइप करायला मला जमायचं नाही."

मी तिला समजावले: असे फोन करणारे कुठलेही खाते कंपनीत नसते, लाल बत्ती नसते, बटण दाबले असते तर त्याने यंत्राचा ताबा घेतला असता आणि मग बँकेचा. ती गणिताची शिक्षिका, तिने प्रत्येक पायरी तपासली.

"चोर असता तर इतकी जल्दी कशाला करील? चोराला तर सवड असते."

"चोरालाच घाई असते, आत्या."

बाहेर ताटातले तूप थिजले. मग तिने माझ्याकडे न पाहता विचारले, "तू त्याला सांगशील?"

त्याला म्हणजे मुलाला.

"मी दाबणार होते रे," ती म्हणाली. "नवमी नसती तर दाबलंच असतं. हे खरं आहे. आणि तुला खोटं बोलायला मी सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला ती जरीकाठाची साडी नेसून मोबाइल समोर ठेवून बसली होती. फोन आलाच तर आता कसा ठेवायचा, याची तिने तयारी केली होती. फोन आला नाही. तिचा त्यामुळे थोडा अपमानच झाला. मला शमीची पाने देत ती म्हणाली, "कालपर्यंत केवढी गरज होती त्याला." मग तिने पूजा हलवली, देवाचे नाव घेतले आणि कॉम्प्युटरचे बटण दाबले. आतून कण्हल्यासारखा आवाज आला, पडदा क्षणभर उजळला आणि सगळे बंद पडले. पुन्हा दाबले. पुन्हा तेच.

आत्या माझ्याकडे वळली. चेहरा उतरला होता.

"त्यानं सांगितलं होतं," ती म्हणाली. "म्हणजे तो खरं बोलत होता."

मी डबा ऑटोत घालून कोठीच्या बाजारात दुरुस्तीला नेला. सणाची गर्दी, दुकानदाराने चार दिवसांनी या म्हटले आणि डबा इतर डब्यांच्या रांगेत ठेवून दिला.

मध्ये रविवार आला. आत्याचा मुलगा माझ्या मोबाइलवर, पासपोर्टच्या फोटोएवढा, दिसला. कॉम्प्युटर कुठे आहे, हे त्याने पहिल्याच वाक्यात विचारले. आत्या माझ्या शेजारी बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून, निकाल ऐकायला बसलेल्या मुलीसारखी. मी घडले ते सांगितले. फोन आला, कॉम्प्युटर चालू कर म्हणून त्याने धमकावले, आत्याने आज पूजा आहे म्हणून सांगितले आणि तो शेवटपर्यंत चालू केला नाही. यातला शब्द न् शब्द खरा होता. पुढचे सांगायला मी तोंड उघडले, पण तोवर तो हसत सुटला होता.

"पूजेचा बहाणा! आई, काय डोकं लावलंस! पार गंडवलंस की त्याला!"

"बहाणा नव्हता रे," आत्या म्हणाली. "खरंच पूजा होती."

"हो हो, खरंच!" तो आणखी हसला. "दादा, मी उगीच घाबरत होतो. आई एकदम शार्प आहे."

माहितीपत्रकाचा विषय त्या दिवशी निघाला नाही, आणि नंतरही नाही.

त्याने ही हकीकत नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती एका मराठी मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक विभागापर्यंत पोहोचली, आणि आत्याला 'सायबर जागरूकता आणि आपली संस्कृती' या विषयावर बोलायला बोलावणे आले. अध्यक्षांनी आधी स्वतःचा परिचय करून दिला, मग संगणकाचा, मग भारतीय संस्कृतीचा, आणि तिन्हींची थोरवी साधारण सारखीच ठरली. शाल आणि श्रीफळ देऊन झाल्यावर आत्या ध्वनिक्षेपकापाशी उभी राहिली.

"मी काही शहाणपण केलं नाही," ती म्हणाली. "माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला होता. दुसरा कुठला दिवस असता, तर मी बटण दाबलं असतं आणि आज माझं घर माझं नसतं. तुम्ही माझ्यासारखं करू नका. फोन ठेवून द्या. समोरचा बोलत असला तरी ठेवा. मला हे शिकायला एक जन्म लागला."

सभागृहात हशा पिकला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. विनय किती, असे माझ्यामागचे गृहस्थ आपल्या पत्नीला म्हणाले.

परतताना ऑटोत आत्या शाल घडी करून मांडीवर घेऊन बसली होती. अंबरपेठच्या वळणावर ती म्हणाली, "खरं सांगितलं. दोनदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही, म्हणून घरात राहिले बघ." मग तिने विचारले, "पण मग कॉम्प्युटर का बंद पडला? तेवढं मला कळू दे. नाहीतर पुढच्या वेळी फोन ठेवताना माझा हात अडेल."

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊनच कोठीला गेलो. दुकानदाराच्या चार दिवसांचे एव्हाना तीन आठवडे झाले होते आणि डबा अजून रांगेतच होता. दुकानदाराने डब्याचे झाकण काढले, खाली वर्तमानपत्र पसरले आणि डबा उलटा केला. व्हायरस नव्हता. पंख्यात कुंकवाने लाल झालेले तांदूळ अडकले होते.