परेरा सरांची लॅटिन आणि आबांचा पगार

आम्ही कुरकुंभच्या कंपनीतले जुने ऑपरेटर लग्नाकार्यात भेटलो की जेवणं राहतात बाजूला आणि परेरा सरांचे किस्से सुरू होतात. दर खेपेला एखादा नवीन निघतोच!

सर इंग्रजीचे रिटायर्ड मास्तर, तरुणपणी लॅटिन शिकलेले. दौंडच्या रेल्वे कॉलनीत एकटेच राहायचे. तेव्हा नव्वदच्या दशकात कंपनीनं फर्मान काढलं, दहावी पास असेल तोच पर्मनंट. माझी गाडी दर वर्षी इंग्रजीत अडकायची. म्हणून फर्स्ट शिफ्ट सुटली की आम्ही चौघंपाचजण सरांच्या व्हरांड्यात. फी विचारली की सर म्हणायचे, "आधी पास हो!"

*

शब्दाचं मूळ सांगितल्याशिवाय सर पुढं सरकत नसत. एकदा 'कँडिडेट' आला. सर म्हणाले, "लॅटिनमध्ये कँडिडस म्हणजे पांढराशुभ्र. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे पांढरे कपडे घालून मतं मागायचे."

आमच्यातला तळेगाव ढमढेरेचा दत्ता म्हणाला, "सर, आमच्याकडं अजून तसंच हाय की! कपडे तेवढे पांढरे!"

*

'बस' म्हणजे मूळचं 'ऑम्निबस', सगळ्यांसाठी. हे दत्ताच्या डोक्यात पक्कं झालं. बाजारच्या दिवशी कंडक्टर एका मावशींना कोंबड्यांची पाटी आहे म्हणून एसटीतून खाली उतरवायला लागला, तर हा मधे पडला. "ऑम्निबस हाय ही! सगळ्यांसाठी!"

कंडक्टर म्हणाला, "मग कोंबड्यांचं हाफ तिकीट काढ!"

दत्तानं काढलं!

*

'सॅलरी'चं मूळ निघालं मीठ. रोमन शिपायांना मिठासाठी पैसे मिळायचे म्हणे. मी घरी वडिलांना, आबांना सांगितलं. आमची पूर्वी मेंढरं होती. आबा विचार करून म्हणाले, "म्हंजी आमी मेंढरास्नी मीठ चारायचो, त्यो पगारच व्हय? मग लोकर काय फुकट न्हाई घेतली!"

सर हे ऐकून खोकला येईपर्यंत हसले. "आबांना एकदा घेऊन ये," म्हणाले.

*

शेवटी मी पास झालो, पर्मनंट झालो. पहिला पगार पाकिटात घालून सरांपुढं ठेवला, तर सर भडकलेच. "उचल ते आधी!"

मी रडवेला होऊन घरी आलो. ज्या माणसानं माझा संसार उभा केला, त्याला मला काहीच देता येईना.

दुसऱ्या दिवशी आबा म्हणाले, "चल." वाटेत वाण्याकडं थांबले. सरांच्या दारात त्यांनी पटका सारखा केला, पिशवीतून खडेमिठाची पुडी काढली आणि दोन्ही हातांनी पुढं धरली.

"सर, पोराचा पगार आणलाय."

सरांनी पुडी घेतली. एक खडा जिभेवर ठेवला. 

"बसा आबा, जेवूनच जा," मग म्हणाले. "आज माझी आमटी अळणीच झालीय."